किती कमी उजेड पुरतो?

हेडलॅम्पच्या खोक्यावर एक आकडा सर्वांत ठळक छापलेला असतो: ३००, ५००, कधी १००० ल्युमेन. दुकानदारही त्याच आकड्यावर बोट ठेवतो. रात्री गड चढणाऱ्याला किंवा विहिरीवरचा पंप चालू करायला निघालेल्या शेतकऱ्याला त्या आकड्याचा उपयोग आहे. आकाशगंगेचे किंवा तारकामार्गांचे फोटो काढणाऱ्याचा प्रश्न मात्र नेमका उलटा असतो. लेन्स बदलायची आहे, कार्ड काढायचं आहे, ट्रायपॉडची सैल झालेली पट्टी घट्ट करायची आहे. त्याला जाणून घ्यायचं असतं, की हा दिवा कमीत कमी किती मंद होतो? हा आकडा खोक्यावर शोधावा लागतो. कित्येक कंपन्या तो देतच नाहीत.

तो इतका महत्त्वाचा का, हे थोड्या हिशेबाने कळतं. दिव्यातून बाहेर पडणारा एकूण प्रकाश ल्युमेनमध्ये मोजतात आणि तो एखाद्या पृष्ठभागावर किती दाट पडतो, ते लक्समध्ये. १ ल्युमेन प्रकाश १ चौरस मीटरवर पसरला, तर तिथे १ लक्स उजेड असतो. पसरट झोताचा दिवा हातभर अंतरावर साधारण तेवढीच जागा उजळतो. आता निसर्गातले आकडे पाहा. डोक्यावर आलेल्या पौर्णिमेच्या चंद्राचा उजेड ०.१ ते ०.३ लक्सच्या घरात असतो. अमावास्येला, गावापासून दूर, निरभ्र आकाशाखाली तो ०.००१ लक्सच्या आसपास उतरतो. म्हणजे अवघ्या १ ल्युमेनचा दिवा तुमच्या हातातल्या कॅमेऱ्यावर पौर्णिमेपेक्षा काही पट आणि ताऱ्यांच्या उजेडापेक्षा हजारपट प्रकाश टाकतो. ३०० ल्युमेनचा दिवा तिथे थेट कचेरीतल्या टेबलाइतका उजेड करतो. पौर्णिमेच्या चांदण्यात लेन्सचं झाकण दिसतं, बॅटरीचा कप्पा उघडता येतो, ट्रायपॉडचा खटका सापडतो. मग कॅमेरा हाताळायला १ ल्युमेनसुद्धा चैनच म्हणायची. पाव किंवा अर्धा ल्युमेन देणारा दिवा मिळाला, तर तो घ्यावा.

हा काटकसरीपणा डोळ्यांसाठी आहे. आपल्या दृष्टिपटलावर दोन प्रकारच्या पेशी असतात. शंक्वाकार पेशी भरपूर उजेडात काम करतात, रंग ओळखतात आणि बारीक अक्षरं वाचतात. दंडाकार पेशी संख्येने त्यांच्या जवळपास वीसपट. त्यांना रंग कळत नाहीत, पण अगदी क्षीण प्रकाश त्या टिपतात. दंडाकार पेशींमध्ये रोडॉप्सिन नावाचं जांभळट रंगद्रव्य असतं. जर्मन शरीरशास्त्रज्ञ फ्रान्झ बोल यांना १८७६ मध्ये बेडकाच्या डोळ्यात ते आढळलं आणि उजेड पडताच ते फिकं पडतं, हेही त्यांच्या लक्षात आलं. अंधारात ते पुन्हा तयार होतं, पण सावकाश. शंक्वाकार पेशी आठ-दहा मिनिटांत अंधाराला सरावतात. दंडाकार पेशींना त्यासाठी अर्धा तास, कधी चाळीस मिनिटं लागतात. ‘अ’ जीवनसत्त्वाच्या अभावी रातांधळेपणा येतो, तो हेच रंगद्रव्य पुरेसं तयार न झाल्यामुळे.

अंधाराला पूर्ण सरावलेल्या माणसाला मूळ आणि ज्येष्ठा नक्षत्रांच्या भागात आकाशगंगेतले काळे पट्टे स्पष्ट दिसतात. समोरचा कडा कुठे संपतो, झाडाची फांदी आकाशात कुठवर शिरली आहे, हे व्ह्यूफाइंडरकडे न पाहता सांगता येतं. चांगली चौकट आधी अशी नजरेने ठरते, कॅमेरा नंतर येतो. पांढऱ्या झगझगीत दिव्याकडे क्षणभर पाहिलं, तरी ही नजर जाते आणि ती परत मिळवायला घड्याळाचा मोठा काटा अर्धी फेरी घेतो. उन्हाळ्याच्या रात्री आकाशगंगेचा मध्यभाग योग्य उंचीवर असतो तो काळ काही तासांचाच. त्यातला अर्धा तास एका बॅटरीच्या अदलाबदलीत घालवणं परवडत नाही.

इथे लाल दिव्याचा विषय येतो. रात्रीच्या फोटोग्राफीवरचा जवळजवळ प्रत्येक सल्ला ‘लाल दिवा वापरा’ असं म्हणून थांबतो. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे. लाल दिव्याशी तीन वेगवेगळ्या गोष्टींचं तीन तऱ्हांचं नातं आहे आणि त्यांची नेहमी गल्लत होते.

पहिली गोष्ट म्हणजे जुन्या फोटो स्टुडिओतला कागद. डार्करूममधला लाल बल्ब अनेकांनी पाहिला असेल. कृष्णधवल छपाईचा नेहमीचा कागद निळ्या-हिरव्या प्रकाशाला संवेदनशील असे आणि लाल प्रकाश त्याला जाणवतच नसे. म्हणून छायाचित्रकार लाल उजेडात तासन्‌तास काम करू शकत. त्या बल्बाचा डोळ्यांच्या सरावाशी संबंध नव्हता.

दुसरी गोष्ट डोळा. दंडाकार पेशी सर्वांत जास्त प्रतिसाद देतात ५०७ नॅनोमीटरच्या आसपासच्या निळसर हिरव्या प्रकाशाला. तांबड्या टोकाकडे जावं, तशी त्यांची संवेदनशीलता झपाट्याने घसरते आणि ६५० नॅनोमीटरजवळ त्या बधिरच म्हणाव्या अशा होतात. शंक्वाकार पेशींना मात्र तो लाल प्रकाश दिसतो. झेक शास्त्रज्ञ यान पुर्किन्ये यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात याची खूण टिपली होती: दिवसा झळकणारी लाल फुलं संधिप्रकाशात काळवंडतात, पण हिरवी पानं उजळ राहतात. याचा पहिला व्यावहारिक फायदा घेतला तो डॉक्टरांनी. क्ष-किरणांच्या अंधुक पडद्यावर हाडं बघण्यासाठी त्यांना आधी बराच वेळ अंधारात बसून राहावं लागे. १९१६ मध्ये विल्हेल्म ट्रेंडेलेनबुर्ग यांनी त्यांच्यासाठी लाल काचांचे चष्मे सुचवले. ते लावून उजेडात इतर कामं करता येत आणि तोवर दंडाकार पेशी अंधाराला सरावत. दुसऱ्या महायुद्धात रात्रीच्या उड्डाणाआधी वैमानिक लाल चष्मे लावून बसत, तेही याच कारणासाठी.

म्हणजे लाल दिवा डोळ्यांना चालतो, पण अटींवर. एक तर तो मंद हवा. भडक लाल दिवाही सराव मोडतो, कारण बहुतेक हेडलॅम्पमधले लाल एलईडी ६२० ते ६३० नॅनोमीटरचे असतात आणि तिथे दंडाकार पेशी पूर्ण झोपलेल्या नसतात. शिवाय शंक्वाकार पेशी दिपतात त्या दिपतातच. दहा ल्युमेनच्या लाल दिव्यापेक्षा पाव ल्युमेनचा पिवळसर पांढरा दिवा डोळ्यांना सौम्य असू शकतो. दुसरं असं की लाल उजेडात रंग नाहीसे होतात. काळ्या लेन्सवरचा लाल ठिपका आणि पांढरा ठिपका सारखेच दिसतात, निळी किंवा हिरवी खूण काळ्यात काळी होऊन जाते आणि पांढऱ्या कागदावर लाल शाईने लिहिलेली टिपणं पुसल्यासारखी वाटतात. तिसरी अट वयाची. डोळ्याचं भिंग लाल किरणांना निळ्यापेक्षा थोडं मागे एकवटतं. जवळचं पाहायला डोळ्याला त्यामुळे जास्त जोर लावावा लागतो. चाळिशी लागलेल्या माणसाला लाल उजेडात लेन्सवरचे आकडे वाचताना त्रास होतो, तो यामुळे. अशांनी लाल दिव्याचा हट्ट सोडून अगदी मंद, पिवळसर दिवा वापरावा आणि चाळिशी गळ्यात अडकवून ठेवावी.

तिसरी गोष्ट कॅमेऱ्याचा सेन्सर, आणि सगळ्यात मोठा गैरसमज इथेच आहे. कागद लाल प्रकाशाला आंधळा होता, डोळा निम्मा आंधळा आहे, पण सेन्सर अजिबात नाही. त्याच्या लाल चाळणीखालचे बिंदू ६२० नॅनोमीटरचा प्रकाश उत्तम टिपतात. आयएसओ ३२००, एफ/२.८ आणि २० सेकंदांचं एक्स्पोजर चालू असताना शेजारच्याने लाल दिवा लावून पिशवी धुंडाळली, तर पुढच्या खडकावर लाल डाग उठतो. तो नंतर संगणकावर काढणंही अवघड. पांढऱ्या प्रकाशाची तिरीप पडली, तर निदान तिन्ही रंगांची माहिती नोंदवली जाते आणि खडक खडकासारखा दिसतो. लाल प्रकाशात फक्त लाल बिंदू भरतात, बाकीचे रितेच राहतात. काही जण तेजोमेघांचे फोटो काढण्यासाठी कॅमेऱ्यातली लाल टोकाला अडवणारी काच काढून टाकतात, कारण हायड्रोजनच्या मेघांचा गडद लाल प्रकाश ६५६ नॅनोमीटरला असतो. असे कॅमेरे लाल उजेडाला आणखी हळवे असतात. ‘माझा दिवा लालच आहे’ असं म्हणून दुसऱ्याच्या चौकटीत शिरणाऱ्याने हे जरूर समजून घ्यावं. शटर उघडं आहे का, हे विचारल्याशिवाय कोणताही दिवा लावू नये.

मग दिवा कसा निवडायचा? माझ्या मते मंदपणानंतरचा सर्वांत महत्त्वाचा गुण म्हणजे तो चालू कसा होतो, हा. पुष्कळ हेडलॅम्प बटण दाबताच पूर्ण पांढऱ्या झोताने पेटतात; लालपर्यंत पोहोचायला आणखी दोन-तीनदा बटण दाबावं लागतं. तोवर व्हायचं ते नुकसान होऊन गेलेलं असतं. लाल दिव्याला स्वतंत्र बटण असलेला किंवा शेवटची स्थिती लक्षात ठेवून तिथूनच सुरू होणारा हेडलॅम्प हवा. दुकानात उभ्या उभ्या हे तपासता येतं: लाल लावा, बंद करा, पुन्हा लावा. बंद करतानाही तो पांढऱ्यातून जात नाही ना, हेही पाहा. उजेड पायऱ्यापायऱ्यांनी कमी होण्याऐवजी सलग कमी होत गेला तर उत्तम. झोत एकवटलेला नसावा, पसरट असावा. एकवटलेल्या झोताचा मधला ठिपका कॅमेऱ्याच्या चकचकीत पडद्यावर पडून थेट डोळ्यांत परततो. बटण चुकून दाबलं जाऊ नये, म्हणून कुलूप हवं, नाही तर पिशवीतच दिवा जळून जातो.

हेडलॅम्प कपाळावरच बांधला पाहिजे असं नाही. कपाळावरचा दिवा आपण पाहू तिकडे जातो, आणि कोणी हाक मारली की आपण त्याच्या तोंडाकडे पाहतो. पट्टा सैल करून दिवा गळ्यात घातला आणि त्याचं तोंड खाली वळवलं, की उजेड हातांवर आणि कॅमेऱ्यावर पडतो, दुसऱ्याच्या डोळ्यांत जात नाही.

नवा दिवा घेणं शक्य नसेल, तर असलेल्यावर लाल जिलेटीन कागद लावून काम भागतं, पण एक थर पुरत नाही. पांढरा एलईडी मुळात निळा असतो. ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश देणाऱ्या चिपवर पिवळा लेप चढवून तो पांढरा केलेला असतो. स्वस्त लाल कागदातून हा निळा अंश झिरपतो. घरातली जुनी सीडी दिव्यासमोर तिरकी धरली, की तिच्यावर प्रकाशाचे रंग वेगळे होऊन दिसतात. त्यात निळ्या-हिरव्या रंगाची छटा उरली असेल, तर आणखी एक थर चढवावा. गाडीच्या मागच्या दिव्याच्या फुटलेल्या काचेवर चिकटवतात ती लाल पट्टीही चांगली चालते. दोन-तीन थरांनी दिवा लाल तर होतोच, मंदही होतो, आणि ते जास्त मोलाचं.

मोबाइलचा टॉर्च या कामासाठी मी सुचवणार नाही. त्यात एक हात अडकतो, तो पुरेसा मंद होत नाही, आणि तो लावण्यासाठी आधी पडद्याचा उजेड तोंडावर घ्यावा लागतो.

कॅमेरा स्वतःच एक दिवा आहे, हे फार जण विसरतात. फोटो काढल्याबरोबर पडद्यावर झळकणारं चित्र हेडलॅम्पइतकंच डोळे दिपवतं. पडद्याचा उजेड सर्वांत कमी पायरीवर आणावा, आपोआप चित्र दाखवणं बंद करावं, फोकससाठी पेटणारा साहाय्यक दिवा बंद करावा. कार्डावर नोंद होताना लुकलुकणारा दिवा, पॉवर बँकेचे निळे ठिपके, टायमरचा उजळ पडदा यांवर काळी इन्सुलेशन टेप चिकटवावी. डीएसएलआर असेल, तर लांब एक्स्पोजरच्या वेळी मागच्या व्ह्यूफाइंडरवर झाकण हवं, नाही तर तिथून शिरलेला दिव्याचा प्रकाश सेन्सरपर्यंत पोहोचू शकतो. कॅमेरा बनवणाऱ्यांपैकी काहींनी या अडचणीचा मनापासून विचार केलेला आहे. २०१६ साली आलेल्या पेंटॅक्स के-१ मध्ये लेन्स बसवायच्या जागेच्या वर, पडद्यामागे, कार्डाच्या कप्प्याशी आणि केबलच्या खाचेशी चिमुकले एलईडी होते. जिथे हात जाणार, नेमका तिथेच थोडासा उजेड. निकॉनच्या डी५०० आणि डी८५०ची काही बटणं चालू-बंदची कळ पुढे फिरवली की आतून उजळतात. ही सोय प्रत्येक कॅमेऱ्यात असायला हवी होती, असं मला ठामपणे वाटतं.

दिव्याची गरज कमी करणं हे दिवा निवडण्याइतकंच महत्त्वाचं आहे. संध्याकाळी उजेड असतानाच ट्रायपॉड उभा करावा, लेन्स चढवावी. दूरच्या तेजस्वी ताऱ्यावर पडद्यात मोठं करून फोकस साधला, की लेन्सच्या कड्यावर टेप लावून टाकावी, म्हणजे रात्रभर तिकडे पाहायला नको. भरलेल्या बॅटऱ्या एका खिशात, संपलेल्या दुसऱ्या. ही शिस्त लावली की निम्म्या वेळा दिवा लागतच नाही. पिशवीखाली पांढरा पंचा अंथरावा. कॅमेऱ्याचं जवळजवळ सगळं सामान काळं असतं आणि काळ्या कातळावर काळं झाकण हजार ल्युमेनच्या दिव्यालाही पटकन सापडत नाही. पंच्यावर ते चांदण्यातही दिसतं. आणि बटणांची ओळख बोटांना करून द्यावी. घरी डोळे मिटून आयएसओ बदलता येऊ लागला, की बाहेर तो अंधारात बदलता येतो.

इतका वेळ मंद दिव्याची बाजू मांडली, ती फक्त एका जागी बसून काम करण्यापुरती. चालताना हे सगळं बाजूला ठेवायचं. सह्याद्रीच्या माथ्यावर आणि कोकणातल्या सड्यांवर फुरसं असतं. बोटभर जाडीचं, मातीच्या रंगाचं, दगडाच्या आडोशाला बसलेलं. घोणस आणि मण्यारही रात्रीच फिरतात. लाल उजेडात फुरसं आणि कातळ यांत फरक करता येत नाही. कड्याच्या काठाची खोलीही लाल उजेडात समजत नाही. म्हणून दोन दिवे हवेत: चालण्यासाठी चांगला पांढरा, कामासाठी मंद. जागा बदलायची असेल, तर सोबत्यांना सांगून, त्यांची शटरं बंद होईपर्यंत थांबून पांढरा दिवा लावावा आणि त्याचा झोत पायांवर ठेवावा. नजरेचा सराव अर्ध्या तासाने परत येतो, पण सर्पदंश झालेल्या माणसाला अंधारात गडावरून खाली आणणं फार कठीण आहे.

काही जागी दिव्याचा निर्णय आपल्या सोयीवर सोडलेला नसतो. लडाखमधल्या हान्लेला समुद्रसपाटीपासून सुमारे ४५०० मीटर उंचीवर भारतीय खगोलीय वेधशाळा आहे. तिच्याभोवतीचा १०७३ चौरस किलोमीटरचा प्रदेश २०२२ मध्ये अंधाऱ्या आकाशाचा राखीव भाग म्हणून जाहीर झाला. तिथले गावकरी रात्री खिडक्यांना जाड पडदे लावतात, गाड्यांचे दिवे मंद ठेवले जातात. त्यांनी अंधारासाठी रोजच्या जगण्यात एवढं केलेलं असताना पाहुण्याने भडक दिवा घेऊन हिंडणं बरं दिसत नाही. तिथल्या थंडीचाही दिव्याच्या निवडीशी संबंध आहे: गोठणबिंदूखाली लिथियम-आयन बॅटरीची ताकद बरीच घटते, त्यामुळे बॅटऱ्या स्वेटरच्या आतल्या खिशात ठेवाव्यात आणि सोबत पुन्हा चार्ज न होणाऱ्या लिथियम ‘एए’ किंवा ‘एएए’ सेलवर चालणारा एक दिवा असावा. हे सेल उणे ४० अंश सेल्सियसपर्यंत काम करतात. महाराष्ट्रात पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातल्या पहिल्या डार्क स्काय पार्कचा मान मिळाला, आणि तिथे तर अंधार ताऱ्यांइतकाच वन्य जिवांच्याही हक्काचा आहे.

काजव्यांच्या फोटोग्राफीत हा हक्क सर्वांत जास्त तुडवला जातो. मे अखेर ते जूनच्या पहिल्या पंधरवड्यात भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाची या भागांत झाडंच्या झाडं लुकलुकू लागतात. हे लुकलुकणं म्हणजे नर-मादीचं परस्परांना बोलावणं. टॉर्चच्या आणि गाड्यांच्या उजेडात त्यांना एकमेकांचे इशारे दिसत नाहीत, आणि प्रौढ काजव्याचं आयुष्य फार थोडं असतं. काजव्यांचे डोळे त्यांच्या स्वतःच्या पिवळसर हिरव्या प्रकाशाशी जुळलेले असतात, त्यामुळे मंद लाल दिवा त्यांना सर्वांत कमी त्रास देतो. पतंग आणि इतर किडेही निळ्या-पांढऱ्या उजेडावर झेपावतात, लालकडे फारसे येत नाहीत. पावसाळ्याच्या तोंडावर लेन्सवर किडे नको असणाऱ्याला हाही एक फायदा. वेळासच्या किनाऱ्यावर मात्र लाल दिव्याची सवलतही गृहीत धरू नये. ऑलिव्ह रिडले कासवाची पिल्लं वाळूतून बाहेर पडली की उजळ क्षितिजाकडे धाव घेतात. अंधाऱ्या किनाऱ्यावर ते क्षितिज समुद्राचं असतं. मागे दिवा असला की ती उलट दिशेला जातात. तिथे वनखात्याच्या आणि स्थानिक कासवमित्रांच्या परवानगीशिवाय रात्री कोणताच दिवा लावू नये, आणि फ्लॅश तर कधीच नाही.

एकच दिवा घेण्याइतके पैसे असतील, तर पांढरा आणि लाल दोन्ही असलेला, लाल वेगळ्या बटणावर असलेला साधा हेडलॅम्प घ्यावा आणि त्याचा लालही जास्त वाटला, तर काचेवर पातळ कागदी टेपचे दोन तुकडे चिकटवावेत. खरेदीपूर्वी तो घरात, दिवे मालवून अर्धा तास बसल्यानंतर लावून पाहता आला, तर सर्वांत चांगलं. दुकानाच्या लख्ख उजेडात जो दिवा निकामी, मिणमिणता वाटतो, तोच बहुतेक वेळा कामाचा निघतो.